रक्ताचं दुखणं आणि मनाची बाधा

श्रोतेहो, आपल्या मराठीत रक्ताचे वाक्प्रचार किती आहेत, ते एकदा बोटांवर मोजून पाहा. राग आला की रक्त तापतं, अन्याय पाहिला की उसळतं, भीतीनं गोठतं, कष्टानं त्याचं पाणी होतं आणि काळजीनं ते आटतं. मी दोन भाषांच्या घरात वाढलो. आमच्या घरच्या दखनीतही खून खौलतो आणि खून सुखतो. म्हणजे मनात जे घडतं, ते सांगायला माणूस दोन्ही भाषांमध्ये रक्ताकडेच वळला. मी बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण रक्त बिघडलं तर मन आणि मज्जा खरोखरच बिघडतात का, या प्रश्नाचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात गुंतत गेलो. त्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा आपल्या मुंबईतल्या परळमधून जातो आणि दुसरा पुण्याजवळच्या खेड्यांतून. आज तीच हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

सुरुवात लंडनमध्ये होते. तिथल्या गाइज हॉस्पिटलमधले डॉक्टर टॉमस ॲडिसन यांनी १८४९ मध्ये एका विचित्र पंडुरोगाचं वर्णन केलं. रोग्याला कुठून रक्तस्राव झालेला नसे, जुलाब नसत, क्षय नसे. तरी तो हळूहळू पांढराफटक पडत जाई, जिना चढताना धापा टाकी, आणि काही महिन्यांत किंवा वर्षा-दोन वर्षांत मरून जाई. अंगावरचं मांस मात्र फारसं झडलेलं नसे. १८५५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ॲडिसन यांनी या आजाराचा पुन्हा उल्लेख केला, आणि शेवटी शेवटी रोग्याचं चित्त भरकटतं, असंही नोंदवलं. ही नोंद जाता जाता केलेली होती. मरणाच्या दारातला माणूस बरळणारच, असं समजून ती वाचली गेली असावी. पुढे १८७२ मध्ये झुरिकच्या अँटोन बिअरमर यांनी या रोगाला नाव दिलं ते ‘घातक’ या अर्थाचं : पर्निशस ॲनिमिया. त्या काळी ते नाव अगदी खरं होतं. या आजारातून कुणी वाचत नसे.

पुढचा टप्पा जर्मन डॉक्टरांचा. १८८७ मध्ये लुडविग लिश्टहाइम यांनी दाखवून दिलं की या पंडुरोगानं मेलेल्या काही जणांचा पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूसुद्धा खराब झालेला असतो. १९०० साली लंडनच्या रिझियन रसेल, फ्रेडरिक बॅटन आणि जेम्स कॉलियर या तिघांनी त्या बिघाडाचं सविस्तर चित्र मांडलं. आधी हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. मग पाय जमिनीवर पडतोय की कापसावर, ते कळेनासं होतं. अंधारात तोल जातो. पुढे पाय लुळे पडतात. आजही हा बिघाड त्यांनी रूढ केलेल्या नावानंच ओळखला जातो.

इथे एक कोडं होतं. सगळ्यांना वाटलं की रक्त पातळ झालं, म्हणून मज्जेला पोषण मिळेना, म्हणून ती खराब झाली. हिशेब सरळ दिसत होता. पण काही रोग्यांत क्रम उलटा असे. मुंग्या आणि लंगडणं आधी, पांढरेपणा नंतर. रक्त बरं असताना मज्जा खराब होत असेल, तर रक्ताला दोष कसा द्यायचा? हे कोडं सुटायला बराच काळ जायचा होता.

मधल्या काळात एक चमत्कार झाला. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना वेगवेगळं अन्न दिलं आणि कोणत्या अन्नानं रक्त लवकर भरून येतं ते पाहिलं. कलेजी सगळ्यांत सरस ठरली. त्यावरून बोस्टनच्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी पर्निशस ॲनिमियाच्या रोग्यांना रोज भरपूर, जेमतेम शिजवलेली कलेजी खाऊ घातली. १९२६ मध्ये त्यांनी ४५ रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. मरणपंथाला लागलेली माणसं उठून बसली होती. मायनॉट स्वतः मधुमेही होते. नव्यानं सापडलेल्या इन्शुलिनमुळे ते जगले होते, आणि आता त्यांच्या हातून दुसरे रोगी जगत होते. या तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं.

पण निरोगी माणसाला रोज पावशेर कलेजी खावी लागत नाही. मग या रोग्यांनाच ती का लागते? बोस्टनच्याच विल्यम कॅसल यांनी याचं उत्तर शोधलं, आणि त्यांची पद्धत ऐकून तुम्ही नाक मुरडाल. ते स्वतः गोमांसाचा खिमा खात, तासाभरानं तो पोटातून बाहेर काढत आणि तो अर्धवट पचलेला ऐवज नळीवाटे रोग्याच्या पोटात सोडत. रोग्याचं रक्त सुधारे. तोच खिमा थेट दिला तर सुधारत नसे. म्हणजे अन्नात काहीतरी हवं, आणि ते अंगी लागायला निरोगी जठरातून पाझरणारं आणखी काहीतरी हवं. या रोग्यांच्या जठरात ते दुसरं काहीतरी नव्हतं. ताटात सगळं वाढलेलं, पण घेणारा हातच नाही, अशी ती स्थिती.

आता परळ. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून नंतर त्या वैद्यकाकडे वळल्या होत्या. मुंबईत गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत होता. त्याचा शोध घ्यायला त्यांना बोलावलं होतं. हाफकिन संस्थेत त्यांचं काम चाले. नुसतं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून त्या बसल्या नाहीत. या बायका राहतात कशा, खातात काय, याची त्यांनी पाहणी केली. मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांतल्या बायकांचा आहार आणि त्यांचा पंडुरोग ताडून पाहिल्यावर दिसलं ते असं : सर्वांत निकस आहार गरीब मुसलमान बायकांचा, आणि हा पंडुरोग जडण्याचा धोकाही त्यांनाच सर्वांत जास्त.

हे वाक्य वाचताना मी थांबलो. माझी दादी त्याच सुमाराला मुंबईत नांदत होती. तिच्या बाळंतपणांबद्दल घरात एकच वाक्य सांगितलं जाई : ‘अल्लानं दिलं, अल्लानं नेलं.’ अशा हजारो बायकांच्या जगण्या-मरण्याला तोवर दुसरं स्पष्टीकरण नव्हतं. परक्या मुलखातून आलेल्या एका बाईनं पहिल्यांदा विचारलं की यांच्या ताटात काय असतं?

विल्स यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना या बायकांच्या जेवणासारखं अन्न देऊन पाहिलं. मग स्वस्तात मिळणारा एक पदार्थ वापरून पाहिला. यीस्टचा अर्क, ‘मार्माइट’ या नावानं डबीत मिळणारा. माकडं बरी झाली, मग बायकाही बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आणि एक मोलाची गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पर्निशस ॲनिमियावर रामबाण ठरलेला कलेजीचा शुद्ध केलेला अर्क या बायकांवर चालत नव्हता. कच्ची कलेजी आणि मार्माइट चालत होतं. शिवाय या बायकांत मज्जारज्जूचा तो बिघाड सहसा दिसत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही आजारांचं रक्त सारखं दिसे, पण आजार दोन होते. यीस्टमधल्या त्या अनामिक द्रव्याला काही काळ ‘विल्स फॅक्टर’ असंच म्हणत.

पुढे ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये ते कारखान्यात तयार करण्यात ज्यांच्या हाताखालच्या चमूला यश आलं, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे. मुंबईत उकललेल्या कोड्याचं औषध अमेरिकेत एका भारतीयाच्या देखरेखीखाली झालं, हा योगायोग मला फार आवडतो.

पण इथेच या कथेतलं सर्वांत धोक्याचं वळण येतं. फॉलिक ॲसिड स्वस्त, गोळीच्या रूपात मिळणारं. डॉक्टरांनी ते पर्निशस ॲनिमियाच्या रोग्यांनाही देऊन पाहिलं. रक्त भराभर सुधारलं, गालांवर लाली आली. आणि काही महिन्यांत त्यातल्या काही रोग्यांचे पाय बधिर होऊ लागले. ज्यांना आधीच मुंग्या होत्या त्यांचे लुळे पडू लागले. रक्ताचा अहवाल उत्तम आणि रोगी खालावत चाललेला! पन्नास वर्षांपूर्वीच्या कोड्याचं उत्तर असं दुर्दैवानं मिळालं. रक्त पातळ होणं आणि मज्जा खराब होणं, यातलं एक दुसऱ्याचं कारण नव्हतं. दोन्ही कुठल्या तरी तिसऱ्याच उणिवेची मुलं होती.

ती उणीव १९४८ मध्ये हाती लागली. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी कलेजीतून लाल रंगाचे स्फटिक वेगळे झाले : जीवनसत्त्व बी-१२. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन या विदुषीनं १९५६ पर्यंत उलगडली. त्याच्या पोटात कोबाल्ट या धातूचा एक अणू बसलेला असतो. माणसाला ते रोज फार तर अडीच मायक्रोग्रॅम लागतं. ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले अडीच.

एवढंसं द्रव्य मनाचं काय करतं? मला समजलं तसं सांगतो. हाडांतल्या मगजात रोज असंख्य नव्या रक्तपेशी घडतात. त्या कामात फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जोडीनं लागतात. बी-१२ नसलं तरी फॉलिक ॲसिडचा मोठा डोस ते काम कसंबसं पुढे ढकलतो, म्हणून रक्त सुधारतं. पण मज्जातंतूंवर विजेच्या वायरीवर असतं तसं एक वेष्टण असतं. ते शाबूत ठेवायला बी-१२च लागतं. तिथे फॉलिक ॲसिडची मात्रा चालत नाही. वेष्टण झिजलं की निरोप नीट पोचत नाहीत. पायात झिजलं तर मुंग्या, पाठीच्या कण्यात झिजलं तर तोल जाणं, आणि मेंदूतही बिघाड पोचला तर विसराळूपणा, उदासी, संशय, भास. १९६० मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख आला. या पंडुरोगात पेशी अवाजवी मोठ्या होतात, त्यावरून त्या वेडाला तिथे ‘महापेशीय वेडेपणा’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. इशारा असा होता, की मनोरुग्णालयात दाखल माणसांतही हा आजार असू शकतो, म्हणून तिथेही रक्त तपासा.

तरीही डॉक्टर बराच काळ एका गोष्टीवर विसंबून राहिले : हिमोग्लोबिन ठीक असेल तर बी-१२ची शंका घ्यायला नको. १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी त्यालाही धक्का दिला. बी-१२च्या उणिवेमुळे मज्जासंस्थेचे किंवा मनाचे विकार झालेले १४१ रोगी त्यांनी तपासले. त्यांतल्या ४० जणांना, म्हणजे शंभरात २८ जणांना, पंडुरोगही नव्हता आणि पेशींचा आकारही वाढलेला नव्हता. रक्ताचं दुखणं, पण रक्त मूक. बोलत होतं ते मन.

हे आकडे मला कोरडे वाटत नाहीत, त्याला कारण आहे. माझी एक खाला उर्दू शाळेत शिकवायची. निवृत्तीनंतर ती बदलत गेली. नमाज पढताना रकाती विसरायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. चालताना पायातली चप्पल कधी सुटली ते तिला कळायचं नाही. वुजू करताना डोळे मिटून तोंडावर पाणी घेतलं की तोल जायचा, म्हणून ती एका हातानं भिंत धरायची. मग शेजारीण जेवणात काही मिसळते असं म्हणू लागली. ज्या शेजारणीला तिनं तीस वर्षं ईदचा शीरखुर्मा पाठवला, तिलाच! घरच्यांनी दर्ग्यावर नेलं, दंडात ताईत बांधला. शेजारच्यांनी आपल्या ओळखीच्या भगताचं नाव सुचवलं. बाधेच्या बाबतीत आपल्याकडे जातिधर्माचा भेद नाही. नंतर मनाच्या डॉक्टरांची औषधं झाली; त्यांनी झोप यायची, संशय जायचा नाही.

शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका तरुण डॉक्टरनं वेगळीच गोष्ट केली. कंप पावणारा लोखंडी चिमटा तिच्या घोट्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, ‘काही जाणवतंय का?’ तिला काहीच जाणवत नव्हतं. हिमोग्लोबिन जवळपास ठीक होतं, तरी त्यानं बी-१२ तपासायला पाठवलं. ते अगदी तळाला गेलेलं निघालं. घरचे म्हणाले, ‘आमच्याकडे तर मटण शिजतं, मग हे कमी कसं?’ डॉक्टरनं त्यांना जे समजावलं ते कॅसल यांनी त्या खिम्याच्या प्रयोगांतून शोधलेलंच उत्तर होतं : खाल्लेलं अंगी लागायला जठर साथ द्यावं लागतं. इंजेक्शनं सुरू झाली. काही आठवड्यांत शेजारीण पुन्हा निर्दोष ठरली. तोल यायला बरेच महिने लागले. पायांची बोटं मात्र बधिर राहिली ती राहिलीच, कारण जाग यायला उशीर झाला होता. या आजारात वेळेला महत्त्व आहे ते असं. लवकर सापडला तर बहुतेक सगळं भरून येतं. उशीर झाला तर काही भाग कायमचा जातो.

आता पुण्याकडे वळू. बी-१२ कोणत्याही झाडापानात तयार होत नाही; ते जिवाणू तयार करतात आणि प्राण्यांमार्फत ते आपल्याकडे येतं. मांस, मासे, अंडी, दूध एवढेच त्याचे आपल्या ओळखीचे मार्ग. ज्या घरात धर्मानं किंवा गरिबीनं ताट शाकाहारी आहे आणि दूधही चहापुरतंच येतं, तिथे ते कमी पडणं साहजिक आहे. १९६२ मध्येच वेल्लोरच्या डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या काही बाळांची हकिकत प्रसिद्ध केली होती. हसणारी, बसणारी बाळं हळूहळू मलूल होत, शिकलेलं विसरत, त्यांच्या हातापायांना नको तशा हालचाली जडत. आईच्याच दुधात बी-१२ नव्हतं. ते टोचल्यावर बाळं पुन्हा टवटवीत होऊ लागत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. दोन तृतीयांश गरोदर मातांमध्ये बी-१२ कमी निघालं. फॉलिक ॲसिड मात्र क्वचितच कमी होतं. ही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी काहींची लक्ष आणि स्मरणाची चाचणी घेतली. ज्यांच्या आईत गरोदरपणी बी-१२ फार कमी होतं, ती मुलं या कामांत थोडी मागे पडली, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं.

म्हणजे पाहा, साठ-पासष्ट वर्षांत चित्र उलटलं. लूसी विल्स यांच्या मुंबईत जे कमी होतं, ते याज्ञिकांच्या खेड्यांत पुरेसं होतं. आणि जे तिथे कमी निघालं, त्याचं नावही विल्स मुंबईत होत्या तेव्हा जन्मलं नव्हतं. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून दशकानुदशकं जी गोळी मिळत आली, तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. ती गोळी फार मोलाची आहे, तिनं कितीतरी जीव राखले आहेत. माझं ऐकून कुणी ती बंद करू नये. पण फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारतं आणि मज्जेची उणीव झाकलेली राहू शकते, हा धडा वैद्यकानं १९४०च्या दशकात रोग्यांच्या पायांची किंमत मोजून घेतला आहे. म्हणून गोळी घेणाऱ्या बाईच्या ताटात दूध-अंडं आहे का, तिचं बी-१२ कुणी तपासलंय का, हे विचारणं बरोबरीनं गरजेचं आहे.

विसरणारा प्रत्येक म्हातारा या उणिवेचा रोगी नसतो, आणि प्रत्येक उदासी इंजेक्शननं जात नाही. मनाचे आजार खरे असतात, त्यांची औषधंही खरी असतात. पण काही माणसांकडे जरा जास्त लक्ष असावं : ज्यांच्या तळव्यांना सतत मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, जीभ लाल-गुळगुळीत झाली आहे, जे वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या घेतात, ज्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांच्या ताटात दूधही क्वचित असतं. अशा माणसाचं वागणं बदललं, तर घरच्यांनी डॉक्टरांना आपणहून आठवण करून द्यावी. आणि मनानं फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणून खाऊ घालू नयेत.

आमच्या घरांतून दुआ मागायची रीत आहे, तुमच्या घरांतून नवस बोलायची. आजारी माणसासाठी हात जोडणाऱ्याला मी कधी हसणार नाही. दर्ग्याची पायरी चढताना खालाचा हात मीही धरला होता. एवढंच सांगतो की दर्ग्याला किंवा देवळाला जाताना वाटेत एक प्रयोगशाळा लागते. तिथे आधी थांबावं, दंडातून एक नळीभर रक्त द्यावं आणि मग पुढे जावं.